पत्र्याखालची सात गाणी

७ जानेवारी २०२४, रविवार

दुपारी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. नाव प्रियांका, मूळची मानवतची. लहान गावांत पूर्वी जे पंक आणि मेटल बँड होऊन गेले त्यांचा इतिहास ती गोळा करते आहे, त्याची वेबसाइट काढणार आहे. म्हणाली, "तुम्हीच का 'पत्रा'मध्ये गिटार वाजवायचे?"

हा प्रश्न वीस वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. मनिषा आत भाकरी थापत होती. मी फोन घेऊन गच्चीवर गेलो आणि मगच हो म्हणालो. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण बायकोला हे मी कधी सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? तीन पोरं पिंगळी स्टेशनच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं बोंबलत होती, एवढंच.

प्रियांकाने एक तक्ता पाठवलाय. बँडचं नाव, गाव, माणसं, कधी सुरू झाला, कधी बंद पडला, का बंद पडला, गाण्यांचं रेकॉर्डिंग आहे का. फेब्रुवारीअखेर भरून पाठवायचा आहे. रेकॉर्डिंग नसेल तर नुसतं नाव लावता येणार नाही म्हणाली. मग असा बँड होता याला पुरावा काय? मला ते पटलं. मी गंगाखेडच्या तहसिलात रेकॉर्ड रूम सांभाळतो. कागद नसेल तर माझा इलाज नाही, हे मीच रोज लोकांना ऐकवत असतो.

सगळे रकाने भरले. 'का बंद पडला' यासमोर 'थांबला' असं लिहिलं आणि खोडलं.

१० जानेवारी, बुधवार

आठवतंय तोवर लिहून ठेवतो.

धम्मदीप गायचा. माऊली ड्रम वाजवायचा, म्हणजे पोखर्णीच्या देवळात पखवाज शिकलेले हात तो रॉकेलच्या पिंपावर चालवायचा. गिटार माझी. मी डावखुरा, म्हणून तारा उलट्या लावलेल्या. अँप्लिफायर आणि भोंगा जयंती मंडळाचा. अकरा महिने आमचा आणि एप्रिलमध्ये बाबासाहेबांचा. धम्मदीपच्या मावसभावाने औरंगाबादच्या हॉस्टेलातून एक कॅसेट आणली होती, नकलेची नक्कल, वर नाव नाही. त्यात कोण गात होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. धम्मदीप म्हणायचा हे पंक आहे, मी म्हणायचो मेटल आहे. माऊली म्हणायचा, कायबी म्हणा, पण मला फुटकं पिंप बदलून द्या.

गिटार सुरात लावायला आमच्याकडे काही नव्हतं. संध्याकाळची पॅसेंजर पिंगळी सोडताना भोंगा द्यायची, त्या सुरावर मी तिसरी तार लावायचो आणि तिच्यावरून बाकीच्या. गाडीला उशीर झाला की तालमीला उशीर.

आज दुपारी रेकॉर्ड रूममध्ये जुन्या बस्त्यांच्या मधे बसल्या बसल्या डोळा लागला. लाल फडक्यात बांधलेले बस्ते थेट छतापर्यंत गेलेत. उन्हाचा एक पट्टा आत येतो आणि त्यात धूळ तरंगत असते. त्या धुळीत धम्मदीप उभा होता, खांद्यावर भोंगा घेऊन. म्हणाला, गाडी आली का? मी म्हणालो, अजून नाही. एवढंच बोलणं झालं. जाग आली तेव्हा हेडक्लार्क दिनकरराव समोर उभे होते आणि सातबाऱ्याची फाईल मागत होते.

आमची सात गाणी होती. सातही एकाच कॅसेटवर, एकच प्रत, धम्मदीपच्या घरच्या टेपवर भरलेली. धम्मदीप २००६ साली गेला, किडन्या निकामी झाल्या. कॅसेट असलीच तर त्याच्या आईकडे, सगुणाबाईंकडे असणार.

१४ जानेवारी, रविवार

पिंगळीला जाऊन आलो. स्टेशनपासून घर तेच, शेड मात्र गेली. तिथे आता कुणीतरी कडबा रचून ठेवलाय.

सगुणाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. मी म्हणालो, गंगाखेडहून आलोय, जुन्या रेकॉर्डचं काम आहे, धम्मदीप गाणी म्हणायचे त्याची माहिती हवी होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "या साहेब, बसा."

ओळखलं नाही. तेव्हा मी काडीसारखा होतो, केस खांद्यापर्यंत. आता टक्कल, पोट आणि चष्मा. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर लय बरं वाटलं.

चहा दिला. कप माझ्या डाव्या हाताशी ठेवला. मग जेवूनच जा म्हणाल्या, आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा वेगळा काढून माझ्या ताटात घातला. तो मला लहानपणापासून आवडतो. म्हाताऱ्या माणसांचं आदरातिथ्य काही वेगळंच असतं.

मी वहीत लिहितोय असं दाखवून विचारलं, गिटार वाजवणाऱ्याचं नाव काय होतं, आठवतं का? म्हणाल्या, "ते तुमच्या कागदात असंल की, साहेब."

कॅसेटचं विचारलं तर म्हणाल्या, शोधावी लागेल, पुढच्या रविवारी या.

२१ जानेवारी, रविवार

पुन्हा पिंगळी. आज त्यांनी मला कामालाच लावलं. माळ्यावरचा डबा काढून दिला, बल्ब बदलला, दाराची कडी ठोकून दिली. प्रत्येक वेळी "साहेब, येवढं करता का," आणि पदराआड हसणं. मला काही वाईट वाटलं नाही. घरात कोणी नाही बाईच्या.

धम्मदीपचा टेप दाखवला. टू-इन-वन, आतला पट्टा तुटून बंद पडलेला, पण पुसून लख्ख ठेवलाय. मग त्यांनी देवळीतून, बुद्धाच्या फोटोशेजारून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली कॅसेट काढून हातात दिली. ती पुडी मी गेल्या रविवारीच तिथे पाहिली होती. वय झालं की समोरची वस्तूसुद्धा दिसत नाही माणसाला.

म्हणाल्या, "ऐकून झालं की तुमीच आणून द्या. दुसऱ्याच्या हाती पाठवू नगा."

कॅसेटवर धम्मदीपचं अक्षर: पत्रा, सात गाणी. बसमध्ये मी ती शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि गंगाखेड येईपर्यंत वरून हात काढला नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

संपलं.

माझ्या ओळखीत कॅसेट वाजवायचं यंत्र फक्त दिनकररावांकडे आहे, सकाळी अभंग लावतात त्यावर. ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे गेलो. कॅसेट घातली, बटण दाबलं. खरखर, आणि मग एका बाईचा आवाज. संथ, दळताना म्हणतात तसं काहीतरी. सगुणाबाईंचा. पुढे ढकलली, तरी तोच आवाज. आणखी पुढे, तोच. मधे एकदा बराच वेळ गप्प झाल्या, नुसती खरखर, बहुतेक शब्द विसरल्या असतील, मग पुन्हा तेच.

त्यांनी आमच्या गाण्यांवर आपली गाणी भरली होती. घराघरांत हे झालंय, मला माहीत आहे. लग्नाच्या कॅसेटवर कीर्तन, कीर्तनावर पोराचं बोबडं बोलणं. पण ही एकच प्रत होती.

मला इतका राग आला की मी मधेच बटण दाबून ती बंद केली. दिनकरराव म्हणाले, बाई चांगलं म्हणायलीय हो, राहू द्या की. मी कॅसेट त्यांच्या यंत्रातच सोडून घरी आलो.

आमच्या खात्यात कागदाचे चार वर्ग असतात. अ म्हणजे कायम जतन. ड म्हणजे वर्षभरात नष्ट. मी वहीत लिहिलं: पत्रा, वर्ग ड.

२८ जानेवारी, रविवार

पिंगळीला गेलो नाही. कॅसेट परत द्यायला हवी, पण पाय उचलत नाही.

मनिषा म्हणाली, तुम्ही झोपेत उजव्या हाताची बोटं हलवता, काहीतरी दाबल्यासारखी. गेल्या काही दिवसांपासून की आधीपासून, असं मी विचारलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून.

इथे कोणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. बँड थांबला नव्हता. फेब्रुवारी २००४ मध्ये परभणीच्या एका कॉलेजात गॅदरिंगला आम्हाला वीस मिनिटं मिळाली होती. पहिला खरा स्टेज. त्याच आठवड्यात माझी नोकरीची ऑर्डर आली. वडील म्हणाले, आता हे केस कापा आणि माणसात या. मला लाज वाटली, कशाची ते आजही नीट सांगता येणार नाही. त्या दिवशी मी घरातच बसून राहिलो. माऊली आणि धम्मदीप बसस्टँडवर दोन बस सोडून माझी वाट पाहत थांबले आणि मग दोघेच गेले. गिटारशिवाय गायला धम्मदीप. लोक हसले म्हणे.

त्यानंतर मी त्यांना तोंड दाखवलं नाही. तो आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी जिंतूरला होतो. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत पाच महिने गेले. तो गेला, त्याच्या पुण्यानुमोदनालाही गेलो नाही.

तक्त्यातला तो रकाना अजून रिकामा आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

माऊलीला शोधून काढला. फोन करायची हिंमत नव्हती, सरळ पोखर्णीला गेलो. तो हरभऱ्याच्या शेतात होता. मला पाहून जागचा हलला नाही, मी जवळ जाईपर्यंत तसाच उभा. मग म्हणाला, "डाव्या बाजूला नको, हिकडं ये. तो कान गेलाय. भोंग्याची कृपा."

वीस वर्षांबद्दल एवढंच. मग बांधावर बसून त्याने ओले हरभरे सोलून दिले. मळभ होतं, शेतावर पांढुरकं काहीतरी उतरलं होतं, आणि माऊलीचा आवाज लांबून, पत्र्याखालूनच येतोय असं वाटत होतं.

मी पिंगळीला साहेब बनून गेल्याचं आणि कॅसेटचं सांगितलं. सगळं पुसलं गेलं, म्हातारीने वर आपली गाणी भरली. माऊली चघळायचा थांबला.

"पुसंल कसं? पुसण्या तर तूच काढला होतास."

खरंच की. टेपमध्ये एक लहानसा तुकडा असतो, नवीन भरताना जुनं पुसून टाकणारा. त्याला आम्ही पुसण्या म्हणायचो. आमच्याकडे एकच माईक, त्यात तिघांचं एकदम भरलं की नुसता गोंगाट व्हायचा. म्हणून मी स्क्रू काढून तो तुकडाच उपटून टाकला होता. आधी माऊलीचं पिंप भरायचं, मग कॅसेट मागे घेऊन त्यावर माझी गिटार, मग त्यावर धम्मदीप. पुसण्या नसल्यामुळे थरावर थर चढायचे. खालचा थर थोडा दबायचा, पण राहायचा. ही माझीच युक्ती, आणि मीच विसरलो.

सगुणाबाईंनी त्याच टेपवर भरलं होतं.

५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ऑफिसच्या आधी दिनकररावांकडे. कॅसेट यंत्रातच होती. ते अभंगांच्या जागी रोज तीच लावतात म्हणे. म्हणाले, "बाईच्या आवाजाखाली कुठंतरी लांब ढोल वाजतो बघा, वरातीसारखा. मला वाटलं शेजारी कुणाचं तरी लग्न होतं."

मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना काही कळलं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

माऊलीच्या जुन्या ट्रॅक्टरवर टेप आहे, आणि गोठ्यात भरपूर शांतता. मी उजव्या बाजूला मडगार्डवर बसलो, तो सीटवर, चांगला कान स्पीकरकडे करून. दुपार होती. म्हशी बसल्या होत्या.

आधी सगुणाबाईंचा आवाज. या वेळी मी शब्द ऐकले. 'लाईट गेली, लाईट गेली, डोळं उघडं ठिवा.' हे दळणाचं गाणं नव्हतं. हे आमचं पहिलं गाणं होतं, 'भारनियमन', धम्मदीपने लिहिलेलं. त्या ते सावकाश, ओवीसारखं म्हणत होत्या. आणि त्यांच्या आवाजाखाली, तळघरातून यावा तसा, धम्मदीप तेच शब्द घसा फोडून ओरडत होता. त्याच्या एका ओळीला त्यांची एक ओळ, बरोबर मापात. त्याच्याही खाली माऊलीचं पिंप.

मग त्या गप्प झाल्या. मी शब्द विसरल्या म्हणालो होतो, तीच जागा. तिथे खरखरीच्या आत गिटार होती. माझी. अर्धा मिनिट नुसती गिटार, थोडी बेसूर, एकवीस वर्षांच्या पोराने वाजवलेली. शेवटी लांबून पॅसेंजरचा भोंगा आला आणि माझी तार त्याला जाऊन मिळाली. मग मायलेक पुन्हा गायला लागले.

सातही गाण्यांत तसंच. गिटार आली की त्या थांबतात.

माऊली स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. मीही. म्हशींनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

माऊली म्हणाला, म्हातारीला जाऊन खरं सांग. मी म्हणालो, पण ती मला ओळखतच नाही. पूर्वी मी पिंप आणि पखवाज यात गल्लत केली की तो पाहायचा, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

कॅसेट घेऊन पिंगळीला गेलो. सगुणाबाई ओट्यावरच होत्या. मी पायरीवर बसलो, वर नाही. कॅसेट फडक्यासकट त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणालो, सगुणामाय, मी सिद्धोधन.

त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय. पयल्याच दिशी म्हाईत होतं. तू कवा म्हणतुस त्याची वाट बघायले होते."

मग मी सगळं सांगून टाकलं, गॅदरिंग, जिंतूर, पाच महिने. मधे त्या तूर निवडत राहिल्या, थांबल्या नाहीत, मला थांबवलंही नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, तो रागावला होता तुझ्यावर. लय रागावला होता. आणि मग, मीबी. हे त्यांनी सांगितलं ते बरं झालं. नाही म्हणाल्या असत्या तर मला पटलं नसतं.

मी विचारलं, त्याच्या कॅसेटवर तुम्ही का भरलं? पुसून जाईल अशी भीती नाही वाटली?

म्हणाल्या, धम्मदीपने शिकवलं होतं त्यांना, दोन बटणं एकदम दाबायची. "म्हणला, आई, ह्या मशीनीत काईच पुसत न्हाई, तू बिनघोर म्हण." तो होता तेव्हा त्यांनी कधी म्हटलं नाही, लाज वाटायची. तो गेल्यावर वर्षाचं पुण्यानुमोदन झालं, माणसं जेवून गेली, आणि त्या एकट्या टेपजवळ बसल्या. पाठ तर सगळं होतंच, कुठे किती थांबायचं तेही. तीन वर्षं शेडमधून तेच ऐकू यायचं. त्याच्या संगं म्हणायचं राहून गेलं होतं, ते म्हणून घेतलं.

"आणि मधेमधे गप्प का बसलात?"

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तिथं तुझं वाजवणं हाय न्हवं. तू आला न्हाईस म्हणून मी काय तुझी जागा भरून टाकू?"

पॅसेंजर आली तेव्हा मी अजून पायरीवरच होतो. विजेचं इंजिन, भोंगा आता वेगळाच, जरा वरचा. त्या म्हणाल्या, ह्या भोंग्याला तुझी तार लागंल का? मी म्हणालो, बघावं लागेल. पुढच्या रविवारी घेऊन ये म्हणाल्या.

२४ फेब्रुवारी, शनिवार

तक्ता पाठवला, सोबत गोठ्यात फोनवर भरून घेतलेली सातही गाणी. गायक: धम्मदीप, सगुणाबाई. ड्रम: माऊली. गिटार: सिद्धोधन. 'का बंद पडला' यासमोर लिहिलं: गिटारवाला आला नाही. प्रियांकाचा फोन आला की सगुणाबाई कोण, तुम्ही फोनवर सांगितलेल्या नावांत त्या नव्हत्या. मी म्हणालो, माझ्याकडून नोंद राहून गेली होती.

माळ्यावरून सतरंजीत गुंडाळलेली गिटार काढली. मनिषाने खुर्ची धरली. धुळीने शिंकली आणि म्हणाली, मला वाटलं वर तुमच्या वडलांची तिजोरीच आहे की काय, इतकं जपता. मग तिला सगळं सांगितलं. भाकरी करपली तरी ती ऐकत बसली.

परभणीला जाऊन नव्या तारा आणल्या. दुकानदाराने हौसेने त्या स्वतःच लावून दिल्या, सगळे लावतात तशा. घरी आल्यावर सहाही काढल्या आणि उलट्या लावल्या. सूर लावलेला नाही. तो उद्या, पिंगळीला गाडी सुटताना.